चौथं यंत्र

१

मी घरांचे नकाशे काढतो. भिंत कुठे, खिडकी कुठे, दार कोणत्या बाजूला उघडणार, हे बांधणाऱ्याला कागदावर सांगायचं, हा माझा बावीस वर्षांचा धंदा. त्यामुळे असेल किंवा मुळातच स्वभाव तसा असेल, मला सगळं मोजूनमापून लागतं आणि कोणी माझ्या घरात डोकावलेलं खपत नाही. समोरच्या इमारतीत नवीन भाडेकरू आला की मी आधी पडदा सारतो, मग ओळख करून घेतो.

गेल्या महिन्यात घरातले तिन्ही जुने संगणक अगदीच रडायला लागले, तेव्हा ते कोरे करून त्यांच्यावर लिनक्स ही हलकी कार्यप्रणाली टाकली. ते एका दुपारचं काम होतं. घोडं अडलं ब्राउझरवर. आठ दिवस मी एकेक ब्राउझर उतरवत होतो, तपासत होतो आणि काढून टाकत होतो. एक मागच्या मागे त्याच्या मालकांना निरोप धाडायचा, एकात व्हिडिओ धड चालत नव्हते, एकाला बँकेची साइट दारातच उभं करायची. शेवटी दोघं उरले. त्यांना मी घरगुती नावं दिली, बोलका आणि मुका.

बोलक्याच्या सगळं लक्षात राहायचं. एका संगणकावर उघडलेलं पान बाकीच्या संगणकांवर कडेच्या पट्टीत आपोआप दिसायचं. मुका मात्र बंद केला की सगळं विसरायचा. कोणत्याही साइटने काही विचारलं, तर खिडकीच्या मापापासून घड्याळापर्यंत एकच ठरीव उत्तर द्यायचा, म्हणजे तो वापरणारे सगळे बाहेरून एकसारखेच दिसायचे. माझं मत अर्थातच मुक्याला होतं. पण या वेळी प्रश्न माझ्या मताचा नव्हता, बायकोचा होता.

चार महिन्यांपूर्वी तिचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं. साधं ऑपरेशन, तिसऱ्या दिवशी घरी. पण घरी आली ती जरा वेगळीच. स्वयंपाकघरात काहीतरी वाचायला घ्यायची आणि बैठकीत येईपर्यंत काय वाचत होतो ते विसरून जायची. पूर्वी माझ्याशी दिवसातून दोनदा तरी भांडायची. आता मी काहीही म्हटलं तरी "बरं" म्हणायची. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "भुलीमुळे होतं काही जणांना. येतील हळूहळू रुळावर. फक्त त्यांचा धागा तुटू देऊ नका."

लेक शिकायला दुसऱ्या गावी असते. तिने फोनवरच निकाल देऊन टाकला. "बाबा, तुझी तत्त्वं ठेव कपाटात आणि तो बोलका लाव. आईने एका खोलीत उघडलेलं दुसऱ्या खोलीत दिसलं की तिला आठवेल."

मी तत्त्वं कपाटात ठेवली. मला माझी बायको परत हवी होती, पूर्वीची, भांडकुदळ. त्यासाठी मी जाहिरातवाल्यांना घराची किल्लीसुद्धा देऊन टाकली असती.

२

बोलका तिन्ही संगणकांवर चढवला. प्रत्येक यंत्राला नाव द्यावं लागतं. मी धंद्याच्या खोडीने खोल्यांची नावं दिली: बैठक, स्वयंपाकघर, कामाची खोली. तिन्हींचं खातं एकच आणि त्याचा पासवर्ड तेवीस अक्षरांचा. तो तिन्ही ठिकाणी मी स्वतः टाकला, कारण तो मी कोणालाच सांगत नाही, बायकोलाही नाही.

दोन दिवस झकास गेले. बायको स्वयंपाकघरातून उठून यायची, मी बैठकीतल्या पट्टीवर बोट ठेवून दाखवायचो आणि ती म्हणायची, "हां, हेच वाचत होते." लेकीला मी फोन करून सांगितलं की तिची अक्कल पहिल्यांदाच कामी आली.

तिसऱ्या दिवशी सकाळी माझ्या खोलीत काम उघडलं आणि सहज पट्टीकडे नजर गेली. यादीत चार नावं होती. चौथं होतं 'आतली खोली'. त्याच्यापुढे बारीक अक्षरांत लिहिलं होतं, शेवटचा वापर: आत्ता.

आमच्या घरात आतली खोली नाही. बैठक, स्वयंपाकघर, माझी खोली आणि झोपायची खोली, एवढंच आमचं घर. झोपायच्या खोलीला आम्ही झोपायची खोलीच म्हणतो. तरी उठून बघून आलो. पलंग, कपाट, खिडकी आणि खुर्चीवर घड्या घातलेले कपडे. यंत्र म्हणावं असं तिथे गजराचं घड्याळसुद्धा नव्हतं.

परत येऊन बसलो. 'आतली खोली'वर एक पान उघडं होतं, शोधाचं. पट्टी अरुंद असते, लांब ओळ तिच्यात मावत नाही आणि टोकाला तीन टिंबं येतात. तिच्यावर टिचकी मारली की पूर्ण ओळ दिसते. मी टिचकी मारली.

"अहो, खोलीचा दरवाजा आतून उघडत नाही, काय करावं?"

३

पहिला विचार चोराचा आला, म्हणजे कोणीतरी बाहेरून शिरलं आहे असा. यादीत नावापुढे 'काढून टाका' असं बटण असतं. माझ्यासारख्या माणसाने डोळे मिटून ते दाबायला हवं होतं. पण तो "अहो" वाचला आणि बोट तिथेच थांबलं.

माझी बायको शोधाच्या चौकटीत नुसते शब्द कधी टाकत नसे. पूर्ण वाक्य लिहायची, तेही "अहो" लावून. मी वर्षानुवर्षं तिची टर उडवली होती. "यंत्राला काय अहो म्हणतेस?" तर म्हणायची, "मग काय अरे म्हणू? ओळख ना पाळख!" ऑपरेशनपासून मात्र तिची ही सवय गेली होती. आता ती लिहायची 'उद्या हवामान', 'गुडघा व्यायाम'. तिचा "अहो" गेल्याचं ती ओळ वाचली तेव्हाच माझ्या लक्षात आलं.

मग दुसरा विचार आला आणि तो पटण्यासारखा होता. घरात कुठेतरी एखादा जुना फोन पडला असेल. बायको भ्रमात त्यावर काहीबाही लिहीत असेल आणि नंतर विसरत असेल. पासवर्डचं कोडं त्याने सुटत नव्हतं, पण मी ते बाजूला ठेवलं. पासवर्ड बदलला असता तर सगळीच यंत्रं बाहेर फेकली गेली असती, आणि मग हे कोण करतंय ते कधीच कळलं नसतं.

मी बैठकीत गेलो. ती सोफ्यावर बसून खिडकीबाहेर बघत होती.

"तुझा जुना फोन कुठे आहे गं?"

"मोडीत दिला ना तुम्ही," ती म्हणाली. "त्याआधी हातोडीने ठोकला होतात. आतलं काही कोणाच्या हाती लागू नये म्हणून."

ते खरं होतं. ही हकीकत मी स्वतःच कौतुकाने चार लोकांना सांगितली होती.

त्या दिवसभरात 'आतली खोली'वर आणखी तीन पानं उघडली. "अहो, खिडकी नसलेल्या खोलीत माणसाला हवा पुरते का?" "अहो, भिंतीपलीकडे आवाज जात नसेल तर काय वाजवावं?" आणि संध्याकाळी, "अहो, आमच्या मुलीची परीक्षा झाली का?"

माझ्या मनात पाल चुकचुकली ती या शेवटच्या ओळीने. बैठकीत बसलेल्या बायकोने लेकीच्या परीक्षेची चौकशी चार महिन्यांत एकदाही केली नव्हती.

४

दुसऱ्या दिवशी मी घर मोजलं. वेडेपणा होता, मान्य. पण ज्याला जे येतं तेच तो करतो. बाहेरून लांबी घ्यायची, आतून प्रत्येक खोलीची घ्यायची, भिंतींची जाडी मिळवायची आणि दोन्ही आकडे जुळतात का ते बघायचं. कुठे बंद कोनाडा असेल, बुजवलेलं दार असेल, तर तिथे आकडा खोटं बोलू शकत नाही.

टेपचं दुसरं टोक धरायला बायको आली. काय मोजताय, कशासाठी, असं तिने काही विचारलं नाही. मी सांगेन त्या कोपऱ्यात जाऊन टोक भिंतीला टेकवून उभी राहायची. पूर्वीची असती तर एव्हाना म्हणाली असती, "सुट्टीच्या दिवशी माणसं बायकोला फिरायला नेतात."

प्रत्येक भिंतीला कान लावला. झोपायच्या खोलीची मागची भिंत गार लागली, पण ती सावलीतच असते. बोटांनी ठोकून बघितलं. सगळीकडे भरीव आवाज आला.

दुपारी टेबलाशी बसून बेरीज केली. आकडे तंतोतंत जुळले. एक सेंटिमीटरसुद्धा जास्त नव्हता. या घरात जागा नव्हती, एखादं मांजर लपेल एवढीही नाही. मला हायसं वाटायला हवं होतं. ते वाटलं नाही, कारण शोधायला आता कुठलीच जागा उरली नव्हती.

५

मग मी शेवटचा पुरावा घ्यायचं ठरवलं. बाजारातून मटार आणले, भरपूर, दोन्ही हात तासभर गुंतून राहतील इतके. तिला बैठकीत सोलायला बसवलं आणि समोरच संगणक मांडीवर घेऊन बसलो.

ती सोलत होती. शेंग दाबायची, अंगठा आत घालायची, दाणे पातेल्यात. तिची दहाच्या दहा बोटं मला दिसत होती. मी डोळ्यांत तेल घालून बघत होतो आणि मनात म्हणत होतो, येऊ नको, ओळ येऊ नको. मग हेही कळेना की मला नक्की काय हवं आहे. ओळ आली नाही, तर ही भ्रमिष्ट आहे. आली, तर ही कोण आहे?

पट्टी हलली. 'आतली खोली'वर नवीन पान उघडलं होतं.

"अहो, मटार आणलेत का? वास येतोय."

मान वर करायचं धाडस होईना. समोर शेंगा फुटल्याचा आवाज येत होता आणि मग तो थांबला.

"काय झालं?" ती म्हणाली.

"काही नाही. काम आठवलं."

"तो दुसरा लावा ना," ती म्हणाली. आवाज अगदी मऊ होता. "तुम्ही सांगत होतात तो. काहीच लक्षात ठेवत नाही तो."

"मुका? तुला कशाला हवाय तो? बोलका तुझ्यासाठीच लावला."

"मला नको लक्षात राहायला. आणि त्याच्यात सगळे एकसारखे दिसतात म्हणालात ना? म्हणजे समोरचं माणूस कोण आहे ते कोणालाच कळत नाही." ती हसली आणि पुढची शेंग उचलली. "तेच बरं."

वीस वर्षं मी घरातल्या माणसांना हेच पटवत आलो होतो. पहिल्यांदा कोणाला तरी पटलं होतं, आणि मी घाबरून गेलो होतो.

६

उत्तर द्यायला मार्ग एकच होता. तिची पानं मला दिसत होती, म्हणजे माझीही तिला दिसत असणार. मी माझ्या खोलीचं दार लावलं, शोधाच्या चौकटीत लिहिलं, "कोण आहे?" आणि पान उघडं ठेवलं.

पाच-सात मिनिटांनी पट्टी हलली.

"अहो, असं काय विचारता?"

मी रडलो. त्यात लपवण्यासारखं काही नाही. मग लिहिलं, "कुठे आहेस?"

"घरातच. तुमचा आवाज येतो मला. माझा येत नाही का?"

"केव्हापासून?"

"हॉस्पिटलमधून आले तेव्हापासून. तुम्ही कुलूप उघडलंत, पिशवी आत ठेवलीत आणि तिला हात दिलात."

तो दिवस मला स्वच्छ आठवत होता. मी पिशवी ठेवून वळलो होतो आणि उंबऱ्यापाशी उभ्या असलेल्या बायकोला हात दिला होता. तिथे एकच बायको होती, शपथेवर सांगतो. मी लिहिलं, "मी सगळ्या भिंती मोजल्या. जागाच नाही गं कुठे."

"माहीत आहे. टेप माझ्या पायांवरून गेली."

त्यानंतर आठवडाभर माझा दिवस असा जायचा. बाहेर बसून चहा प्यायचो, "बरं" ऐकायचो, आणि दार लावून आत गेलो की खऱ्या बायकोशी बोलायचो, तेही शोधाच्या चौकटीतून. मोठ्याने बोलायची सोय नव्हती. तिला ऐकू गेलं असतं, पण बाहेरचीलाही गेलं असतं. आत अंधार नव्हता म्हणे, उजेडही नव्हता. भूक लागत नव्हती. फक्त जागा दररोज थोडी कमी होत होती. "काल हात लांब करता येत होते," एकदा तिने लिहिलं. मी लिहिलं, "धीर सोडू नकोस. दार असणारच. दाराशिवाय खोली मी आजवर काढलेली नाही." यावर तिने लिहिलं, "बावीस वर्षं दारं काढताय आणि बायकोला एक सापडत नाही!"

ही माझी होती. मी कितीतरी दिवसांनी हसलो आणि लगेच तोंडावर हात धरला.

लेकीला सांगावंसं वाटलं. फोन लावलाही. पण तीच आधी म्हणाली, "बाबा, आई किती छान बोलते रे आता. अजिबात चिडचिड नाही. मला तर असंच आवडतंय." मी जेवलीस का एवढंच विचारलं आणि फोन ठेवला.

इकडे बाहेरचीचा तगादा वाढत होता. सकाळी, दुपारी, एकच. "लावला का मुका?" रागावून नाही, मायेने. मी आज-उद्या करत होतो. बोलका काढला असता तर धागा कायमचा तुटला असता, आणि आतली जागा तर रोज आकसत होती.

७

मंगळवारी सकाळी मी दार लावून बसलो होतो. तिने बराच वेळ काही लिहिलं नव्हतं. मी लिहिलं, "आहेस ना?" दहा मिनिटांनी पुन्हा तेच. खिडकीतून ऊन टेबलावर आलं होतं आणि शेजारी कोणीतरी गालिचा झटकत होतं.

मग पट्टी हलली.

"अहो, दार सापडलं. ते तुमच्या…"

ओळ तिथे संपली. पट्टीत तेवढंच मावत होतं. पुढे तीन टिंबं. मी टिचकी मारायला हात पुढे नेला.

तेवढ्यात माझ्या मागे पाऊल वाजलं. दार मी आतून लावलेलं होतं.

इथे एक सांगायला हवं. मी संगणकावर स्वतःपुरती एक युक्ती करून ठेवली आहे. तीन कळा एकदम दाबल्या की ब्राउझर बंद होतो, सगळा इतिहास पुसला जातो आणि सगळी यंत्रं एका झटक्यात खात्यातून बाहेर पडतात. कोणी पाठीशी आलं की माझी बोटं त्या तीन कळांवर जातात. त्यासाठी मी विचार करत नाही. शिंक येते तसं ते होतं. बँकेचं पान असो नाहीतर साधी बातमी, पाऊल वाजलं की बोटं तिथे. मला या सवयीचा अभिमान होता.

पडदा कोरा झाला. मी माझ्याच बोटांकडे बघत राहिलो. ती अजून कळांवर होती.

"चहा ठेवलाय," मागून ती म्हणाली.

ती गेल्यावर मी पुन्हा खात्यात शिरलो. तेवीस अक्षरं तीनदा चुकली. बाहेर जाऊन बाकीच्या दोन यंत्रांवर पासवर्ड टाकला आणि धावत परत आलो. यादी उघडली. बैठक, स्वयंपाकघर, कामाची खोली. चौथ्या यंत्राची मी दिवसभर वाट पाहिली. पण आत शिरायला तिलाही आता पासवर्ड लागणार होता, आणि तो मी तिला कधीच सांगितला नव्हता.

तरी मी शोधाच्या चौकटीत तेवीसच्या तेवीस अक्षरं लिहिली. जगात कोणीही वाचावीत अशी, उघडी. ते पान मी तीन दिवस तसंच ठेवलं. कोणी आलं नाही.

८

ते तुमच्या. एवढं मला मिळालं आहे. माझ्या कशात? माझ्या टेबलाखाली, कपाटात, पलंगाच्या बाजूला, सगळीकडे हात फिरवून झाला. माझ्या मागे, हाही विचार येतो. पण हल्ली माझ्या मागे बहुतेक वेळा ती उभी असते, म्हणून मी वळत नाही.

काल दुपारी तिन्ही संगणकांवर मुका चढवला. बोलका ठेवून करायचं काय होतं? वेगवान आहे, जाहिराती नाहीत, कोणी डोकावत नाही. मला हवं होतं तसं सगळं झालं आहे. माझी बायको याच घरात कुठेतरी आहे, तिला हात हलवायलाही जागा नाही, ती माझा आवाज ऐकते आहे आणि मी तिच्याशी एक शब्द बोलू शकत नाही. एकदा मोठ्याने "मी आहे इथे" म्हटलं, तर बैठकीतून लगेच उत्तर आलं, "माहीत आहे."

काम संपवून मी बाहेर येऊन बसलो. तिने माझ्यासमोर चहा ठेवला, स्वतःचा कप घेतला आणि अगदी जवळ बसली. चेहरा तोच. कपाळावरची लहानपणच्या पडण्याची खूण तीच. मी या सगळ्यातलं अक्षरही तिला कधी सांगितलेलं नाही.

तिने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"तिला काही सांगायचं राहिलं होतं का?" तिने विचारलं.

मी नाही म्हणालो.